कंबरदुखीसाठी कोणती गादी घ्यावी : कापूस, काथ्या, फोम की स्प्रिंग?

तुम्ही लिहिलंय की आईची कंबर दुखते, घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आहे, पलंग बॉक्सचा आहे, बजेट वीस हजार, आणि दुकानदार मेमरी फोमच घ्या म्हणून मागं लागलाय. मी एरवी इथं नुसती वाचून जाते. पण खानापूर, बॉक्सचा पलंग आणि मेमरी फोम हे तिन्ही एका प्रश्नात बघितलं आणि गप्प बसवेना.

घेऊ नका. निदान त्या पलंगावर तरी नकोच.

आमचं घर जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेला. कौलारू घर, पुढं सोपा, मागं गोठा. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, पाऊस किती ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, त्या वेळी चौऱ्याहत्तरच्या होत्या. जन्मभर भाताच्या शेतात वाकून काम केलेली कंबर, त्यात दोन्ही गुडघे गेलेले. झोपायच्या त्या कापसाच्या गादीवर. बैलहोंगलकडचा कापूस, पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाची खोळ. पूर्वी पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन गावात यायचा, अंगणात बसून तात वाजवत कापूस पिंजायचा आणि संध्याकाळपर्यंत गादी भरून, टाके घालून द्यायचा. तो यायचा बंद झाला. पिंजल्याशिवाय दोन-तीन वर्षं गेली की कापसाची गादी गादी राहत नाही, गोळे होतात, कमरेखाली खळगा पडतो. आत्तींच्या गादीचं तेच झालं होतं. त्यामुळं ती बदलायला हवी होती, यात वाद नाही.

२०१८च्या दिवाळीत धाकटे दीर पुण्याहून आले. आईला त्या गोळ्यांवर झोपलेली बघून त्यांना वाईट वाटलं. वाटणारच. लगेच मोबाइलवरून आठ इंची मेमरी फोमची गादी मागवली, अठ्ठावीस हजारांची. आणि बेळगावातनं बॉक्सचा पलंग करून आणला, वर सलग प्लायची फळी, आत पांघरुणं ठेवायची सोय. गादी खोक्यातून गुंडाळून आली. प्लास्टिक कापल्यावर ती फुगताना बघायला निम्मी गल्ली सोप्यात जमली होती.

पहिला आठवडा आत्तींनी कौतुक केलं. मग एका सकाळी म्हणाल्या, "रोप लावताना चिखलात पाय रुततो न्हवं, तसं अंग रुतायलंय बघ. कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागतंय."

यापेक्षा नेमकं मेमरी फोमचं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही. तो फोम अंगाच्या उबेनं मऊ होतो आणि अंगाच्या आकाराचा खड्डा करून धरून ठेवतो. तरण्या माणसाला ते छान वाटतं, कारण तो एका हिसक्यात त्या खड्ड्यातून बाहेर येतो. ज्याचे गुडघे आणि मनगटं गेलीत त्याला रात्रीत दहा वेळा तो खड्डा चढावा लागतो. थंडीत आणखी वेगळं. तोच फोम गारठ्यात कडक होतो, म्हणजे आडवं होताना फळीसारखा, आणि तासाभरानं चिखल. रात्री लघवीला उठायचं तर काठावर हात रेटावा लागतो, तो काठच खाली बसायचा. जानेवारीपासून मी त्यांच्या पलंगाशेजारी खाली सतरंजी टाकून झोपायला लागले, रात्री दोनदा-तीनदा त्यांना उठवून बसवायला.

फोनवर सांगितलं तर भावजी म्हणाले, "वहिनी, सवय व्हायला महिना लागतो. नासाचं तंत्रज्ञान आहे ते." नासाचं खरंच आहे. १९६६च्या सुमारास नासाच्या कामातून तो फोम निघाला, पण विमानाच्या सीटसाठी. सीटवर पट्टा बांधून बसलेला माणूस कूस बदलत नाही. माझी सासू बदलते. हे तेव्हा मला माहीत असतं तर तेव्हाच बोलले असते.

मग २०१९चा पाऊस आला. जिल्ह्यात कुणी तो विसरलेलं नाही. आमच्याकडं जुलैपासून ऊन असं दिसलंच नाही, कपडे चुलीवरच्या दांडीवर वाळत होते, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात रस्ताही बंद होता. गणपतीच्या आधी साफसफाई काढली आणि ह्यांना हाताशी घेऊन मी ती गादी उचलली. एकटीनं उचलणं शक्यच नव्हतं, हा त्या गादीचा आणखी एक दोष.

खालून भिजक्या पोत्याचा वास आला. खोळीला मिरी सांडल्यासारखे काळे ठिपके, आणि फळीवर पांढरी, कापसासारखी बुरशी. बोटानं पुसली तर खाली प्लाय काळपट, ओलसर.

भावजी गणपतीला आले, सोप्यात उभी करून ठेवलेली गादी बघितली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "पावसात खिडकी उघडी टाकली असणार. गावात चांगली वस्तू टिकतच नाही." घरात गौरी बसल्या होत्या, मी काही बोलले नाही. पण ते वाक्य आजही माझ्या कानात आहे. नंतर नात्यात कुठंही गादीचा विषय निघाला की वहिनीनं अठ्ठावीस हजार पाण्यात घातले हे ठरलेलं.

खिडकी भिंतीच्या बाजूला होती. पाऊस आत आला असता तर भिंतीकडची कड आधी भिजली असती. ती कड कोरडी ठाक होती. डाग होता तो फळीच्या बरोबर मधे, आणि त्याला आकार होता : खांद्यांच्या खाली रुंद, कमरेपाशी अरुंद, बैठकीखाली पुन्हा रुंद. आत्ती जिथं झोपायच्या तिथं, तेवढाच. ह्यांनी काढलेला फोटो अजून आहे माझ्याकडं.

झोपलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभर दमट वाफ निघत असते, घाम दिसला नाही तरी. ती गादीतून खाली उतरते. खाली फट असली तर हवेवर निघून जाते. सलग फळी असली की तिथंच अडकते, फळी गार असल्यानं तिथं ओल धरते. आठ इंची दाट फोम, त्याखाली प्लाय, त्याखाली पांघरुणांनी गच्च भरलेला बंद बॉक्स. हवा शिरणार कुठून? उन्हाळ्यात निभावतं. आपल्याकडच्या चार महिन्यांत बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा निभावत नाही. कंपनीला फोटो पाठवले, तर डाग असल्यास वॉरंटी लागू नाही असं उत्तर आलं. कागद काढून बघितला तर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत ही अट असते, घेण्याआधी वाचा.

मग आम्ही काय केलं ते तुमच्या कामाचं. गोठ्याचं छप्पर बदलताना कौलांखालच्या जुन्या रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, निघाल्या होत्या, चांगल्या मुरलेल्या. सुतारानं फळी काढून त्या रिपा आडव्या मारल्या, मधे दोन-दोन बोटांची फट ठेवून. त्यावर चार इंची काथ्याची गादी. काथ्या म्हणजे नारळाचा, रबराचा चीक मारून दाबून बसवलेला. त्यातून हवा खेळते आणि तो माणसाला गिळत नाही. पण नुसता काथ्या म्हाताऱ्या हाडांना टोचतो. म्हणून त्यावर खानापुरातल्या गादीवाल्याकडून दोन इंची कापसाची पातळ गादी शिवून घेतली. तो जाड भरून द्यायला निघाला होता, मीच नको म्हटलं. पातळ असली की एकटीला उचलता येते, पावसात उचलून चुलीच्या खोलीत दांडीवर टाकता येते, आणि पिंजायला नेणंही सोपं. सगळं मिळून त्या अठ्ठावीस हजारांच्या निम्म्यातही खर्च गेला नाही.

तिसऱ्या रात्री आत्ती आपल्या आपण उठून बाहेर जाऊन आल्या आणि मला जाग आली नाही. सकाळी त्यांनीच सांगितलं. मी सतरंजी गुंडाळून ठेवली.

कंबरदुखीला कडक गादी, नाहीतर सरळ जमीन, हे आपल्याकडं डॉक्टरांपासून सगळे सांगतात. तेही खरं नाही. भावजींचीच मुलगी बेळगावात फिजिओथेरपी शिकते, तिनं मला दाखवलं. २००३ साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी देऊन ९० दिवस बघितलं. मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. म्हणजे खाली घट्ट आणि वर थोडं मऊ. आमच्या काथ्या-कापसाच्या जोडीत नेमकं तेच झालंय.

फोमच घ्यायचा असेल तर साधा पीयू फोम, म्हणजे नेहमीचा स्पंजासारखा, घ्या, पण दुकानदार "डेन्सिटी" म्हणाला की मान डोलवू नका. डेन्सिटी म्हणजे घट्टपणा नव्हे, एका घनमीटरला किती किलो ते. सहा बाय तीन फूट, चार इंच जाडीचा ३२ डेन्सिटीचा तुकडा साडेपाच किलोच्या आसपास भरला पाहिजे, ४०चा पावणेसातच्या आसपास. खोळ काढून काट्यावर ठेवायला सांगा. जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. ऑर्थो म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच गाद्यांत फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला थर असतो. जड आणि कडक असतो, वाईट नाही, पण ऑर्थो या शब्दाला जास्त पैसे मोजू नका.

स्प्रिंगची गादी घेणार आणि दोघं झोपणार असाल तर पॉकेट स्प्रिंगच, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असलेली. साध्या स्प्रिंगा एकमेकींत अडकवलेल्या असतात, एकानं कूस बदलली की दुसरा हलतो. लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, चांगला, टिकतो, पण जड आणि तुमच्या बजेटच्या बाहेर.

हे सगळं आपल्या ओल्या भागासाठी आहे हं. अथणी, रायबागकडं कोरड्यात राहत असता तर मी डोळे झाकून जाड कापसाची गादी सांगितली असती, वर्षभर ऊन दाखवता येतं. घरात दम्याचं कुणी असेल तर जुना कापूस नको, त्याची धूळ वाईट. आणि एक महत्त्वाचं, मला वर लिहायला हवं होतं : माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, स्वतः कूस बदलू शकत नसेल, तर काथ्या चुकूनही नको, पाठीला जखमा होतात. तिथं हवेची गादी लागते, आणि दाब वाटून घेणारा मऊ फोमही तिथं उपयोगाचा आहे. कुशीवरच झोपणाऱ्यालाही खांद्याखाली जास्त मऊ लागतं. तुमच्या आईंचं दुखणं कमरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर गादी राहू द्या, आधी डॉक्टर.

भावजी, तुम्ही इथं असता हे मला माहीत आहे. आईसाठी खर्च केलात, त्याबद्दल मी कधी वाईट बोललेले नाही. पण डाग भिंतीकडं नव्हता. फोटो पाहिजे तर पाठवते.

आणि तुम्हाला, ज्यांनी प्रश्न विचारला : आधी पलंगाची फळी बघा, गादी नंतर. फळी काढवत नसेल तर निदान तिला हातभर अंतरावर बोटभर जाडीची भोकं पाडून घ्या आणि आतला बॉक्स पावसाळ्यात निम्मा रिकामा ठेवा. गादी बघायला जाताना आईंना सोबत न्या. दुकानात दहा मिनिटं झोपू द्या, दोन्ही कुशींवर वळू द्या, आणि हाताला न धरता उठायला सांगा. दुकानदार घाई करेल, करू दे. रिपा मारणार असाल तर फट दोन बोटांपेक्षा जास्त नको, नाहीतर काथ्या त्यात वाकतो.