फी भरून पीएचडी? ताई, आधी हा हिशोब बघा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीचं एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय, इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीची पीएचडीची ऑफर आलीये, जानेवारीत जॉइन व्हायचं, पण स्कॉलरशिप नाही, म्हणजे सेल्फ फंडेड. फी वर्षाला २६,००० पाउंड. तुमच्याकडे ११ लाखांची एफडी, कराडचा प्लॉट जो दीर दिवाळीपर्यंत ३८ लाखांना घ्यायला तयार आहेत, आणि राहता फ्लॅट तारण ठेवून बँक ४० लाख लोन द्यायला तयार. महिनाअखेर डिपॉझिट भरायचंय आणि तुमचा प्रश्न असा की आधी प्लॉट विकू की आधी लोन घेऊ.

माझं उत्तर, दोन्ही नको. थांबा, रागावू नका, मुलीला पाठवू नका असं म्हणत नाहीये मी.

आधी आकडे. फी २६,००० आणि राहणं-खाणं काटकसरीने धरलं तरी १३,००० पाउंड, म्हणजे वर्षाला ३९,००० आणि तीन वर्षांचे १,१७,०००. त्यात व्हिसासोबत हेल्थ सरचार्ज असतो, स्टुडंटला वर्षाला ७७६ पाउंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम आधीच भरावा लागतो. ढोबळ १,२०,००० पाउंड धरा. पाउंड ११८ रुपये धरला तर १ कोटी ४१ लाख. आणि पाउंड काय आपल्यासाठी थांबणारे का, २०२२ च्या सप्टेंबरात तो नव्वदच्या खाली गेला होता, आज बघा कुठे आहे.

आता तुमची बाजू. प्लॉट २०११ ला ९ लाखांना घेतलेला, तो ३८ ला गेला तर २९ लाख नफा, त्यावर साडेबारा टक्क्यांनी कॅपिटल गेन टॅक्स साधारण पावणेचार लाख (जुना प्लॉट असल्यामुळे इंडेक्सेशन लावून, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरून, २० टक्क्यांचा पर्यायही तुम्हाला आहे, पण तुमच्या आकड्यांना तो थोडा महागच पडतोय). मुलीची फी भरली म्हणून हा टॅक्स माफ होत नाही, हे बरेच जण गृहीत धरतात. हातात उरले ३४ लाख, एफडीचे ११, लोन ४०. झाले ८५ लाख. म्हणजे सगळं विकून, सगळं गहाण ठेवून पण ५६ लाख कमी पडतायत ताई! हे तुम्हाला त्या परदेशी अ‍ॅडमिशनवाल्या कन्सल्टंटने सांगितलं का?

तो म्हणाला असेल पार्ट टाइम करेल. बरं, करू द्या. टर्ममध्ये आठवड्याला २० तासांची मर्यादा, किमान वेतन २०२५-२६ च्या दराने तासाला १२.२१ पाउंड, वर्षात ४८ आठवडे न चुकता राबली तर ११,७०० च्या आसपास, तीन वर्षांचे ४१ लाख. तरी १५ लाखांचं भगदाड आहेच. आणि लॅबमध्ये जंतूंचं कल्चर लावून ठेवलेल्या मुलीने रोज संध्याकाळी दुकानात उभं राहायचं, मग थिसिस तीन वर्षांत होणार कसा, तो इतरांचाही चार वर्षांवर जातोच.

मुख्य मुद्दा हा की सायन्समधली पीएचडी ही लॅबसाठी नोकरीच असते, प्रोफेसरला माणूस लागतो, त्याच्या ग्रँटमध्ये पगार असतो. जर्मनीत बहुतेक जागा सरकारी पगारश्रेणीच्या काँट्रॅक्टवर असतात, बायोलॉजीत बहुधा ६५ टक्के पोस्ट, हातात महिन्याला २,००० युरोच्या आसपास, आणि सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही. नेदरलँड्समध्ये चार वर्षांचं नोकरीचं काँट्रॅक्ट, सुरुवातीचा ग्रॉस पगार ३,००० युरोच्या जवळपास. स्वीडनला पीएचडीला फीच नाही. इंग्लंडमध्येसुद्धा यूकेआरआयची (ही तिकडची रिसर्चला पैसे देणारी सरकारी संस्था) स्टुडंटशिप मिळाली तर स्टायपेंड असतो, २०२५-२६ ला तो किमान २०,७८० पाउंड होता, आणि त्या मुलांकडून युनिव्हर्सिटीला होम (तिथल्या मुलांची) आणि इंटरनॅशनल फीमधला फरक वसूल करता येत नाही. फक्त परदेशी मुलांना साधारण ३० टक्केच जागा, त्यामुळे चुरस भयंकर. अमेरिकेत फी माफ आणि वर स्टायपेंड ही पद्धत जुनीच, पण २०२५ मध्ये तिकडे रिसर्चच्या पैशाला कात्री लागली आणि काही युनिव्हर्सिट्यांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्या, त्यामुळे सगळी अंडी त्या टोपलीत नकोत.

म्हणून माझा सल्ला, एक वर्ष द्या आणि त्या वर्षासाठी दोन-अडीच लाख एफडीतून बाजूला काढा. त्यात आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा), अमेरिकेच्या चार-पाच अर्जांची फी (एकेका अर्जाला ७५ ते १२५ डॉलर जातात, काही ठिकाणी मागितली तर माफ पण करतात, मागायला लाजू नका), आणि बाकी तिचा पुण्यातला राहायचा खर्च. कारण हे वर्ष तिने घरी बसून काढायचं नाहीये. एनसीसीएस, एनसीएल, आघारकर, आयसर, या पुण्यातल्या संशोधन संस्थांपैकी कुठेतरी प्रोजेक्टवर चिकटली तर हातात काम, गाइडचं पत्र आणि जमलं तर एखाद्या पेपरवर नाव येतं, आणि तिकडचे प्रोफेसर मार्कांपेक्षा हेच बघतात. जोडीला सीएसआयआर नेटची परीक्षा द्यायला सांगा, त्यातून जेआरएफ (इकडे रिसर्च करायला मिळणारी फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० आणि वर घरभाडं, इकडेच पीएचडी धरली तरी मधे फुलब्राइट-नेहरूसारख्या फेलोशिपवर काही महिने अमेरिकेला जाता येतं. आपल्याकडे याला कमीपणा समजतात, का ते मला कधी कळलं नाही.

राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीचं विचारलंत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, ओबीसी, भटके-विमुक्त, खुला गट यांच्यासाठी वेगळ्या योजना आहेत, पण उत्पन्नाची आणि युनिव्हर्सिटीच्या रँकिंगची अट असते, तुमचे दोघांचे पगार धरले तर मला अवघड वाटतंय. जे. एन. टाटा एंडाउमेंटची (१८९२ पासून चालू आहे) लोन स्कॉलरशिप मात्र जरूर बघा.

लोनबद्दल. ४० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं, हप्ता ५४,०००. पण शिकताना व्याज चढत राहतं, फेडायला लागाल तेव्हा ते ५० लाख झालेलं असेल असं धरलं तरी हप्ता ६७,००० च्या वर. पीएचडीनंतर तिकडे तीन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, पोस्टडॉक (पीएचडीनंतरची रिसर्चची नोकरी) लागली तर हा हप्ता निघेल, खोटं कशाला बोलू. पण परत यावं लागलं तर? इकडे रिसर्च असोसिएटला सुरुवात ५८,००० पासून, हप्त्याहून कमी. मग तो भरणार कोण, तुम्ही. तुम्ही २००७ ला शिक्षणसेवक म्हणून लागलात, म्हणजे जुनी पेन्शन नाही, आणि रिटायरमेंटला सात वर्षं राहिलीत. धाकट्याचं डिप्लोमाचं शिक्षण अजून चालू आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते, पण जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तरच, आणि सूट मिळते म्हणून कर्ज काढणं म्हणजे सेल आहे म्हणून साडी घेण्यासारखं.

फंडेड जागा मिळाली तरी सुरुवातीला ४-५ लाख लागतात बरं का. तिकीट, व्हिसा, घराचं डिपॉझिट (जर्मनीत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागतात), आणि पहिला पगार येईपर्यंतचा खर्च. माझ्या भाच्याचा बँक अकाउंटच्या घोळात पहिला पगार दीड महिना लांबला होता, पोरगं मॅगीवर जगलं. त्यासाठी तुमची उरलेली एफडी पुरेशी आहे, तिला हात लावायचा तर तेव्हा लावा.

या ऑफरचं काय? लेकीलाच तिच्या होणाऱ्या सुपरवायझरला सरळ मेल करायला सांगा, कन्सल्टंटला मधे घेऊ नका, फी भरणारा विद्यार्थी पाठवला की त्याला युनिव्हर्सिटीकडून कमिशन असतं. तीन गोष्टी विचारायच्या: पुढच्या वर्षीच्या स्टुडंटशिपसाठी माझं नाव देणार का, ऑफर वर्षभर पुढे ढकलता येईल का, आणि तुमच्या ग्रुपमध्ये आत्ता फी भरून किती जण करतायत. तिसऱ्याचं उत्तर आलं नाही तरी ते उत्तरच समजा. पूर्ण फी माफ होऊन राहण्याखाण्याचा खर्च तेवढा तुमच्यावर आला, तर मला परत लिहा, तो हिशोब वेगळा होईल, तेव्हा छोट्या लोनचा विचार करू (शैक्षणिक लोनमधून गेलेल्या पैशावर टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक आगाऊ कापते तो टॅक्स, पण कापत नाहीत, स्वतःच्या खिशातून वर्षात १० लाखांच्या वर पाठवले की कापतात).

डिपॉझिट भरू नका, ते परत मिळत नाही असं तुमच्याच ऑफर लेटरमध्ये लिहिलंय. आणि दीरांना एवढंच कळवा की या दिवाळीला प्लॉट विकायचा नाहीये.