व्हिडिओवर डॉक्टर : कशासाठी चालेल?

प्रश्न : आईला रक्तदाब आहे, गुडघाही नुकताच दुखू लागलाय. दवाखान्यात नेणं अवघड जातं. व्हिडिओवर दाखवलं तर चालेल?

उत्तर : रक्तदाबासाठी जरूर. जुन्या आजाराच्या गोळ्या, रिपोर्ट, मानसोपचार यांसाठी ही सोय खूप उपयोगी. ज्यांना बाहेर पडणं जमत नाही त्यांना तर मोठाच आधार. मात्र घरी यंत्रावर मोजलेल्या रक्तदाबाच्या नोंदी नीट हव्यात. आईंना 5 मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, दंड छातीच्या पातळीवर. सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजा, दोन्ही वेळा मध्ये 1 मिनिट सोडून, असं 7 दिवस. यंत्राचा पट्टा बाहीवरून बांधला किंवा मोजताना बोललं, तर आकडा चढा येतो आणि गरज नसताना डोस वाढू शकतो. छातीत दुखलं किंवा एकाएकी धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा. गुडघा मात्र दाबून, वाकवून पाहावा लागतो. पहिल्या खेपेला प्रत्यक्षच न्या.