गरोदरपणाच्या नवव्या आठवड्यात टीएसएच (थायरॉइड कमी पडली की रक्तात वाढणारं हार्मोन) ६.२ निघालं, थायरॉइडची गोळी सुरू झाली. बाळाच्या मेंदूवर परिणाम होईल का?

फ्री टी-४ (रक्तातलं खुद्द थायरॉइडचं हार्मोन) नॉर्मल असेल तर बहुधा नाही. ही सौम्य कमतरता आहे आणि गोळीही वेळेत सुरू झालीय. भीती मात्र उगाच पसरलेली नाही. बाळाची थायरॉइड साधारण १२व्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि १८-२० आठवड्यांपर्यंत सगळी भिस्त मुख्यतः आईच्या हार्मोनवरच असते. १९९९च्या एका अमेरिकन अभ्यासात उपचार न मिळालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी कमी भरला होता. नेटवर फिरतो तो हाच आकडा. पण त्या मातांची कमतरता बरीच जास्त होती. तुमच्यासारख्या सौम्य कमतरतेवर २०१७ साली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मातांच्या मुलांत पाचव्या वर्षी बुद्ध्यांकाचा फरक दिसला नाही.

फ्री टी-४ कमी असेल तर गोष्ट वेगळी. तो रिपोर्ट नसेल तर डॉक्टरांकडे आधी तोच मागा. बाकी:
- गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी (चूक बहुतेक इथेच होते).
- निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. डोस वाढला तर घाबरू नका, गरोदरपणात तो बऱ्याचदा वाढतो.
- जन्मानंतर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड तपासून घ्या.