वाचकांचे प्रश्न: कोव्हमधला शेवटचा रोल मंद का?

प्रश्न (अमळनेर): हॉल ११ बाय १३ फूट. पीओपीच्या कोव्हमध्ये (छताच्या कडेने दिवे लपवायला ठेवलेल्या खाचेत) १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचे ५-५ मीटरचे ३ रोल एकाला एक जोडून फिरवले, १० अँपिअरचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा डबा) लावला. पहिला रोल लख्ख, तिसरा मिणमिणता. एप्रिलपासून पट्टी जागोजागी लोंबतेय. माल खराब निघाला का?

उत्तर: माल बहुधा बरा आहे, जोडणी चुकली आहे. पट्टीतलं तांबं अगदी पातळ असतं. तिन्ही रोलचा करंट पहिल्यातून गेला की व्होल्टेज वाटेतच गळतं. पट्टी मीटरला ९.६ वॅटची धरली (लेबल पाहून घ्या), तर रोलला ४८ वॅट, म्हणजे ४ अँपिअर, तिघांचे १२. आज १० वर भागतंय ते तिसरा रोल उपाशी आहे म्हणून. जोडणी सुधारली की हाच एसएमपीएस धापा टाकेल. २०० वॅटचा घ्या.

तो एका कोपऱ्याजवळ ठेवा, पण पीओपीत गाडू नका. कपाटावर मोकळ्या हवेत बरा. तिथून दोन रोल दोन दिशांना सोडा. तिसऱ्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढा आणि रोलची टोकं एकमेकांना जोडू नका. प्रत्येक लाइनला ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. क्लिपचे कनेक्टर कुलरच्या दमट हवेत काळे पडतात. सोल्डर करून वर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवा. २३० व्होल्टची बाजू वायरमनकडून, अर्थिंगसह.

लोंबण्याचं म्हणाल तर पीओपीच्या भुकटीवर गोंद धरतच नाही, त्यात आपला ४४-४५ अंशांचा उन्हाळा आणि वर तापलेला स्लॅब. अ‍ॅल्युमिनियमचं चॅनल स्क्रूने बसवा, पुसून त्यात पट्टी चिकटवा. चॅनल उष्णताही ओढून घेतं. छतापासून निदान ५-६ इंच अंतर सोडा, नाहीतर ठिपके उमटतात. छताला मॅट पांढरा रंग हवा; चकचकीत रंगात एकेक एलईडी आरशासारखा दिसतो.

प्रश्न (शहादा): पंख्याच्या रेग्युलेटरने पट्टीचा उजेड कमी होईल का?

उत्तर: नाही. एसएमपीएस गुरगुरेल, पट्टी लुकलुकेल. पीडब्ल्यूएम डिमर (वीज झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) १२ व्होल्टच्या बाजूला, एसएमपीएस आणि पट्टीच्या मध्ये लावा. तो लोडच्या दीडपट अँपिअरचा घ्या. स्वस्त डिमरवरचे आकडे जरा फुगवलेलेच असतात.