दुबईच्या फ्लॅटवर पैसे टाकण्याआधी हे वाच

प्रिय पोरी,

दुबई मरीनातल्या त्या वन-बीएचकेचे फोटो बघितले, बाल्कनी छानच आहे. नाशकात त्र्यंबक रोडवरच्या हॉटेलात ते फ्लॅट विकणाऱ्या लोकांनी चहा-समोसे खाऊ घालून "रविवारपर्यंतच हा रेट" म्हणून सांगितलं, तेही तुझ्या आईकडून कळलं. तिच्यावर चिडू नको, मीच खोदून विचारलं. बँकेत शेवटची आठ वर्षं मी फॉरेक्सच्या, म्हणजे परकीय चलनाच्या टेबलावर होते, तिथे असे रविवार फार बघितलेत.

तर आधी पैशाचं. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, रिझर्व्ह बँकेची ती योजना, एलआरएस म्हणतात त्याला, आणि घर घ्यायला ते चालतं. पण ते स्वतःचे पैसे हवेत, त्यासाठी इथली बँक लोन देत नाही. बुकिंग क्रेडिट कार्डावर करा म्हणाले ना, ते अजिबात नको, परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून बँकेतूनच पाठव. आणि "कॅश इथे द्या, तिकडे पोचते" म्हणणारा कोणी भेटला तर तिथूनच रिक्षा पकड.

आता खरी गंमत. 10 लाखांच्या वर जे पाठवशील त्यावर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वरून घेते तो आगाऊ आयकर. दीड कोटीच्या फ्लॅटला 28 लाख होतात. बुडत नाहीत, रिटर्नमध्ये मिळतात, पगारातल्या टीडीएसमध्येही धरून घेता येतात, पण पाठवायच्या दिवशी खात्यात लागतात आणि त्या ब्रोशरमध्ये हा आकडा कुठेच नसतो. त्यात दुबईची 4 टक्के नोंदणी फी म्हणजे अजून 6 लाख, वर एजंटचं कमिशन, आणि दरवर्षीचा सर्व्हिस चार्ज तो वेगळाच, स्क्वेअर फुटावर, तू राहा नाहीतर नको राहू.

गोल्डन व्हिसाचं, म्हणजे तिकडे बरीच वर्षं राहायच्या परवान्याचं, आमिष दाखवलं असेलच. त्याला 20 लाख दिरहमची प्रॉपर्टी लागते. दिरहम डॉलरला 3.6725 ला बांधलेला आहे, कर भागाकार, साडेपाच लाख डॉलरच्या आसपास येतं. म्हणजे एका वर्षात तुझी नि आईची मर्यादा मिळूनसुद्धा पुरत नाही. वन-बीएचकेत व्हिसा मिळेल असं तुला कोणी लेखी दिलंय का गं?

"तिकडे टॅक्स नाही" हे खरंय, पण तिकडे. तू राहतेस कॉलेज रोडला, त्यामुळे भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं, शिवाय रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, शेड्यूल एफएमध्ये, ते घर दरवर्षी लिहायचं, भाडं येवो न येवो. विसरलीस तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्यात 10 लाखांचा दंड आहे. आमच्या ओळखीत एकाच्या सीएने हे सांगितलंच नव्हतं, नंतर तो माणूस नुसता नोटिसांना उत्तरं देत बसला होता.

आणि एक विचारू, राहणार कोण आहे तिथे? आमचंच बघ. काकांच्या हट्टापायी इगतपुरीला फ्लॅट घेतला, इथून तासाभरावर, तरी पहिल्या वर्षी मोजून 11 रात्री राहिलो, जुलैत भिंतींना बुरशी आली, गाद्या फेकल्या, किल्ली वॉचमनकडे, मग नळ गळला की फोन त्याचाच आणि मेंटेनन्स मात्र दर महिन्याला आमचा. गंगापूर धरणाकडचे मुंबईवाल्यांचे बंगले बघ ना, वर्षभर बंद, लॉनवर माळ्याचे कपडे वाळत असतात, बंगल्याची खरी मजा त्यालाच. तुझ्या घराला तर मुंबई गाठून वर तीन तासांचं विमान. भाड्यानेच द्यायचा असेल तर तसं स्पष्ट म्हण, मग बाल्कनीतून काय दिसतं ते सोड, त्याच बिल्डिंगमधले फ्लॅट सध्या केवढ्याला जातात ते विचार.

मी नाही म्हणत नाहीये, तुझे पैसे आहेत, कमावलेत तू. फक्त रविवारी सही करू नको. एजंटला मेल कर, मागच्या तीन वर्षांचा सर्व्हिस चार्ज, नोंदणी फी, कमिशन, सगळं लेखी पाठव म्हणून. आलं की ते कागद घेऊन संध्याकाळी ये, दुपारी मी झोपलेली असते.

तुझी काकू