वाहन-सल्ला : क्लच दाबूनही गिअर पडत नाही

प्रश्न : माझ्याकडे 1972 सालची एमजीबी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. बरीच वर्षे बंद राहिल्यानंतर ती पुन्हा चालू केली. आता पहिला गिअर पडत नाही आणि रिव्हर्स करकरतो. क्लच दोन-तीनदा पंप केला की दोन्ही पडतात. सात रस्त्याच्या गर्दीत गिअर टाकून क्लच दाबून धरला, तर गाडी हळूहळू पुढे सरकू लागते. क्लचच्या टाकीतील ऑइल कमी होत नाही. गॅरेजवाले क्लच प्लेट बदलायला सांगतात. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्लेटची घाई करू नका. एमजीबीच्या क्लचपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन उतरवावे लागते, आणि तुम्ही लिहिलेली लक्षणे हायड्रॉलिकमधील, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमार्फत क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेतील, दोषाची आहेत. पेडल दाबून धरल्यावर गाडी सरकते, तरी टाकीतील पातळी कायम राहते, यावरून मास्टर सिलिंडरच्या (पेडलने दाब तयार करणाऱ्या सिलिंडरच्या) झिजलेल्या सीलवरून ऑइल आतल्या आत मागे फिरत असावे, असे मला वाटते.

खात्री करणे सोपे आहे. इंजिन बंद ठेवून गाडी भक्कम स्टँडवर घ्या, एकाला पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि गिअरबॉक्सच्या बाजूच्या स्लेव्ह सिलिंडरचा (त्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचा) पुशरॉड, म्हणजे बाहेर येणारा दांडा, किती सरकतो ते मोजा. तो साधारण 12 मिलिमीटर सरकून तिथेच थांबला पाहिजे. थांबण्याऐवजी हळूहळू मागे येऊ लागला आणि स्लेव्हचे रबरी बूट (आवरण) उलटून पाहिल्यावर आत काळसर ओल दिसली नाही, तर दोष मास्टरचा. मुळातच कमी सरकला, तर लाइनमध्ये हवा असेल, जुना रबरी होज दाबाखाली फुगत असेल किंवा पेडल आणि मास्टरचा पुशरॉड जोडणारी क्लेव्हिस पिन झिजली असेल. ही पिन काढून बोट फिरवा. खाच हाताला लागते आणि पेडलचे गोल भोकही लांबट झालेले दिसते. एवढ्याशा पिनेकडे कोणी बघत नाही, आणि नवे सिलिंडर बसवूनही तक्रार तशीच राहते.

या यंत्रणेतले ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे उभ्या गाडीचे सिलिंडर आतून गंजते. नखाला खड्डे लागले, तर नुसते सीलचे किट टिकणार नाही, सिलिंडरच बदला. ऑइल डॉट 4 घ्या, त्यात सिलिकॉनचे डॉट 5 मिसळू नका आणि इंजिन ऑइल तर अजिबात नको, कारण त्याने सील फुगतात.

पुशरॉड पूर्ण सरकून स्थिर राहिला आणि तरीही रिव्हर्स करकरला, तरच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) चिकटल्याचा किंवा रिलीज बेअरिंगचा (क्लच सोडवताना प्रेशर प्लेटवर दाबणाऱ्या भागाचा) कार्बन संपल्याचा संशय घ्या. मग इंजिन उतरवाच, आणि प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग तिन्ही एकदम बदलून घ्या.