पॉलिसी राहू द्या, आधी पीपीओ (पेन्शन अदायगी आदेश) बाहेर काढा

प्रश्न : वय ६३, टपाल खात्यातून निवृत्त. मूळ पेन्शन २४,०००, डीए (महागाई भत्ता) धरून हातात ३८,०००. मुलगा २९ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता ७५ टक्के. मुलगी लग्न होऊन नाशिकला असते, ती भावाला बघेलच. एकूण एफडी २८ लाखांच्या. त्यातल्या २० लाखांच्या मुलाच्या नावावर केल्या आहेत. दुसऱ्या फ्लॅटचं भाडं १४,००० येतं, तो मृत्युपत्रात मुलाला दिला आहे. बँकेतून पॉलिसी सुचवली आहे : वर्षाला ३ लाख, १० वर्षं, मग बाराव्या वर्षाच्या अखेरीपासून मुलाला २५ वर्षं वर्षाला ३ लाखांची हमी. घ्यावी का?

उत्तर : नको. हप्ता महिन्याला २५,००० पडतो. उरलेल्या तेरा हजारांत आणि भाड्यात तिघांचं घर चालवणार, की एफडी मोडून हप्ते भरणार? बँकवाले सांगतात ते ‘तीस लाखांचे पंचाहत्तर’ म्हणजे छत्तीस वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी मिळणारे पंचाहत्तर. परतावा जेमतेम ५ टक्के. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२ टक्के देते. शिवाय मुलगा पासष्टीला आला की पैसे बंद. ८०डीडीची (अपंग अवलंबितासाठीची) प्राप्तिकर वजावट दाखवली असेल, तर ती नव्या कररचनेत मिळत नाही, आणि तुमच्या उत्पन्नावर तिथे मुळात करच लागत नाही. विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं वाटत नाही.

पॉलिसीचा विषय इथे संपला. ज्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही, ते आता बघू.

तुमच्या आणि पत्नीच्या पश्चात मुलाला तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं : शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, अधिक डीए. तुमची मूळ पेन्शन त्या पगाराच्या निम्मी, म्हणजे पगार ४८,०००. त्याचे ३० टक्के १४,४००. आजच्या डीएने साडेबावीस हजारांच्या वर. डीए वाढेल तशी ही रक्कमही वाढते. महिना एवढी रक्कम, वाढ न धरताही, ६ टक्क्यांनी उभी करायची तर ४५ लाख लागतील. हे तुमच्याकडे फुकट आहे आणि तुम्ही ते घालवायच्या बेतात आहात.

कारण उत्पन्नाची अट. कुटुंब निवृत्तिवेतन सोडून मुलाचं इतर उत्पन्न त्या साडेबावीस हजारांपेक्षा कमी हवं. भाडं १४,०००. २० लाखांवर ७ टक्क्यांनी व्याज साडेअकरा हजार. झाले साडेपंचवीस. म्हणजे मुलाच्या काळजीपोटी त्याच्या नावावर केलेली मालमत्ताच त्याची पेन्शन अडवणार. वर पॉलिसीचे २५,०००!

तेव्हा मुलाच्या नावावरच्या एफडी मुदत संपेल तशा तुमच्या आणि पत्नीच्या नावावर आणा, त्यातला मोठा भाग ज्येष्ठ नागरिक योजनेत टाका. फ्लॅट मृत्युपत्राने थेट मुलाला नको. मृत्युपत्रातूनच खासगी ट्रस्ट करा, विश्वस्त किमान दोन. मुलाला दरमहा ठरावीक रक्कम न देता निवासी संस्थेची फी, औषधं विश्वस्तांनी परस्पर भागवावीत. मृत्युपत्राने केलेला असा एकच ट्रस्ट असेल तर त्याला चढ्या दराने नाही, नेहमीच्या टप्प्यांनी कर लागतो. मसुदा पेन्शनचे नियम वाचलेल्या वकिलाकडूनच. नाहीतर हेच उत्पन्न पुन्हा मुलाच्या माथी मोजलं जाईल.

दुसरी चूक : मुलगा १८ चा झाला त्या दिवसापासून कायद्याने तुम्ही त्याचे पालक नाही. बँकेने आजवर तुमच्या सहीवर चालवून घेतलं. तुमच्या मागे तीच बँक पालकत्वाचं प्रमाणपत्र मागेल. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ च्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तरीय समितीकडे अर्ज करा. हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांनाच लागू आहे. तुमचा मुलगा त्यात बसतो. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. ‘बघेलच’ म्हणण्याआधी हे मुलीला नीट वाचून दाखवा. ती तयार असेल तर पालक ती आणि पैशावर विश्वस्त म्हणून आणखी कोणी, असं ठेवा. सगळं एकाच खांद्यावर दिलं की तो खांदा आजारी पडला तरी सगळं थांबतं.

आणि राहण्याचं? निवासी संस्थेचा खर्च आज १८,००० धरा. ७ टक्क्यांनी पंधरा वर्षांत ५०,००० होतो. पेन्शन आणि ट्रस्ट दोन्ही लागतील ते यासाठी. संस्था आत्ताच निवडा आणि मुलाला वर्षातून काही आठवडे तिथे राहायला पाठवा. आई-बाप गेल्याच्या आठवड्यात अनोळखी जागी नेलेला मुलगा जेवण-झोप सोडतो, आणि मग संस्था नातेवाइकांना बोलावून घेते.

या महिन्यातलं काम एकच. शेवटच्या कार्यालयाच्या प्रमुखांना अर्ज द्या : मुलाचं नाव पीपीओत घ्या. सोबत कायमस्वरूपी अपंगत्वाचं प्रमाणपत्र, जन्माचा पुरावा, आणि पेन्शन कोणाच्या हाती द्यायची त्याचं नामनिर्देशन. ते तुम्ही हयातीत केलं नाही तर पत्नीला करावं लागेल. पोच घ्या. सुधारित आदेश तुमची पेन्शन जिथून निघते तिथवर पोचला का, हे स्वतः जाऊन बघा. बरेच जण पोच फायलीला लावून निर्धास्त होतात. नवी प्रत मिळाली की मुलाचं नाव आणि जन्मतारीख आधार, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) आणि अपंगत्व प्रमाणपत्राशी अक्षर न अक्षर ताडून घ्या. एका वेलांटीचा फरक असला तरी दुरुस्ती आत्ताच करून घ्या. तुमच्यानंतर त्यासाठी मुलीला नाशिकहून खेटे घालावे लागतील.